हात धरणारे पौनीकर

भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी लक्षात ठेवत नाही. मोतीबिंदू निघाला, दिसायला लागलं की लोक सर्जनच्या पाया पडतात, त्याला पेढे देतात आणि आम्ही बाजूला उभे. ग्वाल्हेरला माहेरी मी भांडकुदळ म्हणूनच प्रसिद्ध होते, त्यामुळे हे मी नोकरीभर सगळ्यांना ऐकवत आले. पण आमच्या रुग्णालयात एक माणूस असा होता की डोळ्यावरची पट्टी निघाली की लोक सर्जनच्याही आधी त्याला शोधायचे. त्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. दिगंबर पौनीकर त्यांचं नाव. ऑपरेशन चालू असताना पेशंटचा हात धरून बसायचं, एवढंच त्यांचं काम.

रुग्णालय भोपाळला, आनंद नगरच्या पुढे, रायसेन रोडवर, एका ट्रस्टचं होतं. दोन टेबलं, एक सर्जन, भुलीला मी. पेशंट बहुतेक कारखान्याच्या टाउनशिपमधले, निवृत्त कामगार आणि त्यांच्या बायका, बाकीचे आसपासच्या खेड्यांतले. डोळ्याच्या ऑपरेशनला पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. डोळ्याच्या खोबणीत सुई देऊन तेवढाच भाग बधिर करायचा. माणूस जागा असतो, त्याला सगळं ऐकू येतं, तोंडावर हिरवं कापड असतं, आणि बोलायची मात्र बंदी, कारण बोललं की डोकं हलतं. अशा वेळी भलेभले घाबरतात. मग पौनीकर स्टुलावर बसून कापडाखालून त्यांचा हात हातात घ्यायचे आणि हळू आवाजात सांगायचे, दर्द हो तो एक बार दबाना, रुकवाना हो तो दो बार. दोनदा दाबलं की ते डॉक्टरांना थांबायला सांगत. मग खोकून घ्या, पाय हलवून घ्या, काय ते करा.

हातांशी त्यांचा संबंध जुना होता. भंडाऱ्याकडचं पौनी हे त्यांचं गाव. विशीत भोपाळला आले आणि कारखान्यात लागले ते क्रेनला इशारे द्यायच्या कामावर. वर केबिनमध्ये बसलेल्या चालकाला खालचं ऐकू येत नाही, त्यामुळे पन्नास-साठ टनांचं धूड उचलायचं, सरकवायचं, टेकवायचं ते सगळं खाली उभ्या असलेल्या पौनीकरांच्या बोटांवर. नोकरीभरात एकदाही माल आपटला नाही, हे ते मला महिन्यातून एकदा तरी सांगायचे. मी म्हणायचे, पौनीकर, आता हे पाठ झालं. ते म्हणायचे, हो जी मॅडम, आणि पुढच्या महिन्यात परत सांगायचे. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर पिपलानीतलं क्वार्टर सोडून त्यांनी इंद्रपुरीत दोन खोल्यांचं घर केलं आणि बसून राहवेना म्हणून आमच्याकडे लागले.

आता मला माझ्या कामाचं थोडं सांगावं लागेल, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं. बधिर करणाऱ्या औषधात मिसळायचं एक चूर्ण असतं, त्यानं औषध डोळ्याभोवती नीट पसरतं. एके वर्षी ते आमच्याकडे मिळेनासं झालं. सुई दिली तरी डोळा हलायचा. मग दुसरी सुई, कधी तिसरी. आमचे सर्जन डॉ. जयंत एरवी शांत माणूस, पण हलत्या डोळ्यावर काम करायचं म्हणजे खड्ड्यांतून चाललेल्या बसमध्ये सुईत दोरा ओवायचा, त्यामुळे तेही माझ्यावर करवादू लागले. मी वाचलं होतं की स्नायू सैल करणारं औषध त्यात अगदी थोडं मिसळलं तर डोळा निश्चल राहतो. हेच औषध पूर्ण भूल देताना आम्ही शिरेतून देतो, तेव्हा माणसाचा श्वासही थांबतो आणि यंत्रानं द्यावा लागतो. इथे त्याचा बारीकसा हिस्सा, तोही डोळ्याभोवतीच. मी सुरू केलं आणि डोळे पुतळ्यासारखे स्थिर राहायला लागले. डॉ. जयंत खूश, मी खूश. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

तरी मी दोन नियम घातले होते. एक आजार असा असतो की त्यात स्नायू वापरले की थकतात, सकाळी ठीक आणि संध्याकाळी गळालेले. अशा माणसाला ते थोडंसं औषधही फार होतं. म्हणून पेशंटला तीन प्रश्न विचारायचे. संध्याकाळी पापणी जड होते का, जेवताना जबडा थकतो का, बोलता बोलता आवाज बसतो का. ही चिठ्ठी पौनीकर भरायचे. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना ते इतक्या प्रेमानं विचारायचे की घरातल्या सगळ्या कागाळ्या त्यात बाहेर पडायच्या. दुसरा नियम हाताचा. सुई द्यायच्या आधी पेशंटला सांगायचं, पूरा जोर लगाके दबाओ, आणि तो दाब लक्षात ठेवायचा. ऑपरेशन चालू असताना अधूनमधून परत दाबायला लावायचं. पकड ढिली लागली की तत्काळ मला सांगायचं. दीड वर्षात चारशेच्या वर माणसांचे हात त्यांनी असे तोलले असतील. दोनदा ते म्हणाले, मॅडम, दाब कमी लागून राहिला. दोन्ही वेळा पेशंटला डुलकी लागली होती, पण दाब कमी झाला होता हे खरं होतं.

२००४च्या जानेवारीत पौनीकर स्वतःच्या बायकोला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे ते पुढे आणि निर्मलाबाई चार पावलं मागे. आमची मंडळी, असं म्हणून त्यांनी ओळख करून दिली आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. निर्मलाबाईंचा उजवा डोळा लहानपणीच ज्वारीचं धाट लागून गेलेला होता. उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. भाजीतली अळी दिसत नाही, एवढीच त्यांची तक्रार, तीही हसत सांगितलेली. एकच डोळा, त्यामुळे डॉ. जयंतनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा डोळा जरासुद्धा हललेला चालणार नाही. मी म्हटलं, हलणार नाही.

चिठ्ठी पौनीकरांनी उभ्याउभ्याच भरली. नाही, नाही, नाही. निर्मलाबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या, हाक मारली तरी ऐकू गेली असती. मी विचारलं, त्यांना विचारलंत ना? त्यावर ते जरा दुखावले.

"बत्तीस वर्षं झाली मॅडम. मले माहीत नाही का?"

मी सही केली. ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. अक्षर पौनीकरांचं आणि सही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच ऑपरेशन निर्मलाबाईंचं होतं. त्या टेबलावर झोपल्या, बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं, मी सुई भरली आणि पौनीकर स्टुलावर बसले. आता दाब घ्यायचा. पण खोलीत सिस्टर होत्या, डॉ. जयंत होते, मी होते, आणि सगळे बघत होतो. सगळ्यांदेखत बायकोचा हात धरायचा म्हणून साठीला आलेला माणूस कानापर्यंत लाल झाला होता. मला चेष्टा सुचली. मी म्हटलं, धरा की पौनीकर, लग्नाचीच आहे ना? सगळे हसले. निर्मलाबाईंनी दुसऱ्या हातानं पदर तोंडावर ओढायचा प्रयत्न केला, पण अंगावर रुग्णालयाचा गाऊन होता, पदर कुठला असणार. पौनीकर उठले आणि हात पाठीशी बांधून भिंतीकडे बघत उभे राहिले. त्यांनी दाब घेतलाच नाही. मी ते पाहिलं आणि सुई दिली. पुढे कापड पडलं, कुणाला काही दिसेना झालं, तेव्हा ते परत स्टुलावर आले आणि कापडाखाली हात घातला.

त्यांचा त्या वेळचा चेहरा मला अजून दिसतो. मास्क होता, पण डोळे हसत होते. इतकी वर्षं परक्यांचे हात धरून झाल्यावर आता घरचा हात हातात होता, आणि माणूस मनातून सुखावला होता.

काम छान चाललं होतं. डोळा हलत नव्हता. पिकलेला मोतीबिंदू बाहेर आला. मी पौनीकरांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, सगळं ठीक. आणि थोड्या वेळानं बोटाला लावलेल्या यंत्राचा सूर उतरायला लागला. अठ्ठ्याण्णव होते ते ब्याण्णव झाले. मी कापडाखाली वाकून निर्मलाबाईंना हाक मारली. उत्तर नाही. छाती जेमतेम हलत होती. ब्याण्णवचे चौऱ्याऐंशी व्हायला वेळ लागला नाही. मी कापड ओढून काढलं. डॉ. जयंतनी लेन्स न बसवताच घाईघाईनं टाके घातले, आणि मी नळी घालून त्यांचा श्वास माझ्या हातानं चालवायला सुरुवात केली. निर्मलाबाई बेशुद्ध नव्हत्या, हे मला सांगायचं नव्हतं पण सांगते. त्यांना सगळं कळत होतं. त्यांचे स्नायू त्यांचं ऐकत नव्हते, एवढंच. त्या हात दाबत होत्या, पण तो दाबला जात नव्हता.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्या तीन दिवस श्वासाच्या यंत्रावर होत्या. पहिल्या दिवशी दुपारी अतिदक्षता विभागाच्या बाहेर मी पौनीकरांना गाठलं. मी भयंकर चिडलेले होते. स्वतःवर चिडले होते, पण राग काढला त्यांच्यावर. म्हटलं, चारशे माणसांचे हात धरलेत, दाब कमी झालेला तुम्हाला कळला नाही?

ते भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कळला ना मॅडम. पहिल्यापासूनच कमी होता. मले वाटलं, लाजून राहिली."

माझा त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे गेला आणि परत कधी आला नाही. थोड्या वेळानं ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, की तिचा हात कसा असते ते मले माहीतच नव्हतं. लग्नात भटजीनं हातात दिला तेव्हा धरला होता, त्याच्यानंतर कधी कामच पडलं नाही.

चौथ्या दिवशी नळी निघाली. संध्याकाळी मी भेटायला गेले, आणि डॉक्टर म्हणून मी ज्याकडे आधीच बघायला हवं होतं ते मला तेव्हा दिसलं. निर्मलाबाईंची पापणी अर्ध्या डोळ्यावर उतरली होती. आवाज नाकातून येत होता आणि चार शब्दांनंतर तो विरायचा. पौनीकर पेज भरवत होते आणि त्या एका हातानं हनुवटी धरून जबडा वर ढकलत होत्या. आमच्याकडे त्या दोनदा आल्या होत्या, दोन्ही वेळा सकाळी. माझी तपासणी सकाळीच असायची. सकाळी त्या ठणठणीत असायच्या.

हे दोन वर्षांपासून होतं, असं त्यांनी हळूहळू सांगितलं. आधी त्यांना वाटलं, वय झालं. संध्याकाळी घास चावता येईना तेव्हा त्यांनी एकभुक्त धरलं. दिवसातून एकदा, दुपारीच जेवायचं. घरातल्या बाईनं उपास धरला तर का म्हणून कोण विचारतो? उलट कौतुकच होतं. स्वयंपाक त्या दहाच्या आत उरकायच्या. दळण, निवडणं, धुणं, जे हातांचं ते सगळं सकाळी. संध्याकाळी बोलणं कमी केलं. पौनीकरांचं आयुष्य शिफ्टमध्ये गेलेलं, आणि निवृत्तीनंतरही संध्याकाळी पिपलानीच्या चौकात जुन्या मित्रांबरोबर बसायची सवय. ते आठला घरी यायचे, ताट वाढलेलं असायचं, आणि निर्मलाबाई दिवा मालवून पडलेल्या असायच्या. त्यांना वाटायचं, म्हातारपणी हिचा देवधर्म वाढला आणि बोलणं कमी झालं.

निर्मलाबाई हे सांगत होत्या तेव्हा पौनीकर पेजेची वाटी घेऊन उभे होते. ती वाटी त्यांनी स्टुलावर ठेवली आणि बाहेर गेले. मी जायला निघाले तेव्हा ते जिन्यात उभे राहून रडत होते. मी खालपर्यंत उतरले, परत वर आले, पण त्यांच्याजवळ जायचं मला धाडस झालं नाही.

ट्रस्टनं चौकशी केली. चिठ्ठीवर नाही असं लिहिलेलं होतं, त्यामुळे दोष कुणालाच लागला नाही. मला अजून त्याचा राग येतो. दाब घेतलेला नाही हे दिसत असताना सुई देणारी मी होते, आणि वर त्या माणसाची चेष्टा करणारीही मीच. मी हे चौकशीत सांगितलं. कागदावर ते आलं नाही. मी ते औषध मिसळणं कायमचं बंद केलं. पौनीकरांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर स्टुलावर दुसरी माणसं बसली, पण पट्टी निघाल्यावर त्यांना कुणी शोधलं नाही.

त्यानंतर मी दर शनिवारी संध्याकाळी तुलसी नगरच्या माझ्या घरून स्कूटरवर इंद्रपुरीला जायला लागले. आधी तपासायला म्हणून, मग नुसतीच. निर्मलाबाईंना डोळा परत मिळाला होता. आत लेन्स नव्हती म्हणून जाड भिंगाचा चष्मा लागला, पण भाजीतली अळी दिसायला लागली, आणि गेल्यावर त्या मला ते आवर्जून सांगायच्या. दर चार तासांनी स्नायूंसाठी गोळी असायची, ती पौनीकर कारखान्याच्या भोंग्यासारखी वेळेवर द्यायचे. पिपलानीचा चौक सुटला होता. आणि संध्याकाळी पाच वाजले की ते आपली खुर्ची निर्मलाबाईंच्या खुर्चीला लावून बसायचे आणि त्यांचा हात हातात घ्यायचे.

पहिले काही दिवस घरात, दार लावून हे चालायचं. मग उकाडा सुरू झाला, दार लावणं अशक्य झालं आणि खुर्च्या ओट्यावर आल्या. शेजारच्या बाया हसायच्या. निर्मलाबाई मान खाली घालायच्या. पौनीकर मला सांगायचे, आज सकाळइतकाच आहे मॅडम, किंवा आज जरा उतरला, गोळी अर्धा तास आधी देतो. मी तपासून बघायचे आणि ते बरोबर असायचं. त्या दोघांत त्यांची अशी एक खूणही होती. निर्मलाबाईंना लाज वाटायला लागली, कुणी ओळखीचं रस्त्यानं जायला लागलं, की त्या दोनदा दाबायच्या. म्हणजे पुरे, सोडा आता. पौनीकर लगेच सोडायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे. तो ओळखीचा पुढे गेला की परत धरायचे. बत्तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते पुढच्या जवळजवळ चार वर्षांत झालं, आणि मला ते बघून बरं वाटायचं आणि मेल्याहून मेल्यासारखंही वाटायचं.

२००७च्या डिसेंबरात निर्मलाबाईंना सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि त्यांना मोठ्या रुग्णालयात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला पौनीकरांचा फोन आला. हाताचा दाब निम्म्यावर आला आहे आणि इथे कुणी ऐकत नाही. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलले. ते तरुण होते, सभ्य होते. म्हणाले, मॅडम, सगळे आकडे चांगले आहेत. मी म्हटलं, आकडे नंतर उतरतात, त्यांच्या नवऱ्याचं ऐका. मी पोचेपर्यंत आकडे उतरायला लागले होते, पण यंत्र खाटेशेजारी तयार होतं. या वेळी धावपळ झाली नाही. त्यांचा श्वास क्षणभरही अडला नाही.

तरीही त्या गेल्या. छातीतलं दुखणं रक्तात भिनलं होतं, आणि सहाव्या दिवशी दुपारी त्या गेल्या. मुलगी मीना नागपूरहून आदल्या दिवशी पोचली होती, तेवढंच.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी सवयीनं इंद्रपुरीला गेले. ओट्यावर दोन्ही खुर्च्या तशाच लावलेल्या होत्या. पौनीकरांनी मला निर्मलाबाईंच्या खुर्चीत बसवलं नाही, आतून तिसरी आणली. मी त्यांना म्हटलं, या वेळी तुम्ही बरोबर ओळखलंत पौनीकर, आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखलंत. मला वाटलं, त्यांना त्यानं जरा बरं वाटेल. त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी मीनालाही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी निर्मलाबाई यंत्रावरच होत्या. नळीमुळे बोलता येत नव्हतं, डोळे मात्र उघडे होते. सकाळची वेळ, त्यामुळे हातात थोडा जोर होता. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं, रस्ता नव्हता, शेजारणी नव्हत्या.

"दोनदा दाबलं तिनं," पौनीकर म्हणाले. "मग अजून दोनदा. मले समजलं ना, ती काय म्हणून राहिली. पण मी सोडला नाही मॅडम. सोडायले पाहिजे होता का?"

पाच वाजून गेले होते, आणि त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर उताणा पडलेला होता.